जागरणातला तुमचा तास

प्रिय आई-बाबा,
प्रभूमध्ये सलाम.

"तासातासाच्या पाळ्या लावून कुठे जागरण होतं का?" असं बाबा फोनवर म्हणाले तेव्हा मी दादरच्या गर्दीत होते, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहिते आहे.

आमच्या भायखळ्याच्या चर्चमध्ये हे प्रार्थनेचं जागरण आहे: शुक्रवारी रात्री नऊ ते शनिवारी पहाटे पाच, मंडळीतल्या आजाऱ्यांसाठी. शनिवारची रात्र मुद्दाम टाळली, नाहीतर रविवारच्या उपासनेत निम्मी मंडळी पेंगली असती.

बाबा, गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करत होता तेव्हा त्याचे खुद्द शिष्य पेत्र, याकोब, योहान यांना तासभर जागवलं नाही. मग कल्याणहून लोकलला लोंबकळत आलेल्या माणसाने आठ तास जागावं असं कसं म्हणायचं? आणि पाळ्या काही मी शोधून काढलेल्या नाहीत. जर्मनीत हेर्नहूट गावी मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळीने ऑगस्ट १७२७ मध्ये हेच केलं. २४ पुरुष, २४ स्त्रिया, प्रत्येकाचा एक तास. ती साखळी शंभर वर्षांहून जास्त चालली. सगळ्यांनीच रात्रभर जागायचं ठरवलं असतं तर आठवडाही निभावला नसता.

भायखळ्याची अडचण वेगळीच. शेवटची लोकल गेली की पहाटे चारच्या सुमारापर्यंत गाडी नाही, त्यामुळे मधल्या पाळ्यांना येणाऱ्यांना मुक्काम करणं आलंच. त्या पाळ्या आपल्या नर्सबाईंनी आपणहून मागून घेतल्या, नाइट ड्युटीची सवय ना! हॉलमध्ये सतरंज्या घालतो आहोत. महिला मंडळाला पोहे करायचे होते, मी नको म्हटलं. थर्मासमधला चहा आणि बिस्किटं पुरेत, नाहीतर प्रार्थना राहते बाजूला आणि आपण कांदे चिरत बसतो. रात्री दहानंतर बाहेर लाऊडस्पीकर चालत नाहीच, आम्ही आतलाही माइक बंद ठेवणार. पेटीवर रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं म्हणू, तीही हळू. शेजारच्या चाळीत तान्ही बाळं आहेत.

खरा वाद झाला चिठ्ठ्यांवरून. कमिटीतल्या काहींना आजाऱ्याचं नाव, आजार, वॉर्ड सगळं मोठ्याने वाचायचं होतं. मी अडून बसले. प्रार्थनेच्या निमित्ताने कुणाची किडनी, कुणाची गाठ घरोघर कशी पोचते हे आईला वेगळं सांगायला नको. शेवटी ठरलं: चिठ्ठीवर फक्त नाव, तेही घरच्यांना विचारून. प्रत्येक तासाच्या वाट्याला थोड्याच चिठ्ठ्या, म्हणजे यादी उरकल्यासारखं होत नाही.

बाबा, चार ते पाच हा तास तुमच्या नावावर लिहिला आहे. एरवीही तुम्ही त्या वेळी उठलेलेच असता. नगरहून यायची दगदग नको. नावं मी आदल्या दिवशी फोनवर सांगेन. गुडघे टेकू नका, खुर्चीतच बसा. आई, तू त्यांच्यासोबत बस आणि तुमच्या मंडळीतली नावं बुधवारपर्यंत कळव.

पाचला मात्र मला फोन लावा. शेवटची प्रार्थना स्पीकरवर तुम्हीच करायची, पाळकसाहेब हो म्हणालेत.

तुमची,
लेक