ॲपमध्ये ईमेल पत्ता नाकारल्याबद्दल आणि विलंब शुल्काबद्दल तक्रार

प्रति,
अपील प्राधिकारी,
ब्रॉडबँड ग्राहक सेवा विभाग, वाशी

महोदय,

मी कोपरखैरण्याची तुमची ग्राहक आहे. कनेक्शन घेताना माझा ईमेल पत्ता तुमच्याच माणसाने टॅबवर भरून घेतला आणि बिलं त्यावर नियमित येत होती. या पत्त्यात ॲटच्या आधी अधिक चिन्ह आणि ‘नेट’ असं जोडलेलं आहे. माझी मेल सेवा अधिकच्या पुढचं सोडून देते आणि मेल माझ्याच खात्यात टाकते, त्यामुळे वीज, गॅस, इंटरनेटची बिलं आपोआप वेगळी लागतात.

नवीन ॲप आलं आणि लॉगिनलाच ‘कृपया वैध ईमेल टाका’ अशी लाल ओळ यायला लागली. बिल दिसेना, भरता येईना, वर विलंब शुल्क! कस्टमर केअरचं म्हणणं, “मॅडम, दुसरा ईमेल द्या ना.” तो बदलायलाही आधी ॲपमध्येच शिरावं लागतं, हे सांगितल्यावर तिकीट ‘निकाली’ म्हणून बंद झालं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे पुढचं अपील तुमच्याकडे, म्हणून हे पत्र.

मी महापेला सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, त्यामुळे राहवलं नाही. तुमच्या वेबसाइटवरही हीच लाल ओळ येते, आणि त्या पानाचा कोड ब्राउझरमध्ये कोणालाही वाचता येतो. तिथल्या रेजेक्समध्ये, म्हणजे पत्त्याची रचना तपासणाऱ्या साच्यात, ॲटच्या आधी इंग्रजी अक्षरं, आकडे, टिंब, अंडरस्कोअर आणि हायफन एवढंच चालतं, आणि शेवटच्या टिंबानंतर दोन ते चार इंग्रजी अक्षरं. अधिक चिन्ह ईमेलची रचना सांगणाऱ्या ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३२२ या इंटरनेट मानकात सरळ मान्य आहे. ब्राउझरची स्वतःची ईमेल तपासणीही ते अडवत नाही. चार इंग्रजी अक्षरांच्या मर्यादेचं तर काय बोलावं. पत्त्याच्या शेवटी येणारं डॉट म्युझियम २००१ पासून आहे आणि देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतंय.

पासवर्ड रीसेटची गंमत वेगळीच. मेल येते, पण लिंक उघडली की ‘खाते सापडले नाही’. लिंकमध्ये माझा पत्ता जसाच्या तसा चिकटवलाय आणि तुमचा सर्व्हर तिथलं अधिक चिन्ह मोकळी जागा म्हणून वाचतो. त्या जागी टक्का, दोन, बी अशी तीन चिन्हं घालायची असतात. एका ओळीचं काम आहे.

आणि इकडे ऐरोलीच्या कोणा गृहस्थांची बिलं माझ्या दुसऱ्या, साध्या पत्त्यावर येतायत. नाव, फ्लॅट नंबर, मोबाईल, सगळं. पत्ता देताना किंवा भरताना एखादं अक्षर चुकलं असणार. तो रचनेत चोख बसतो, म्हणून तुमच्या रेजेक्सने बिनबोभाट घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

पत्ता कोणाचा आहे हे रेजेक्सला कधीच कळणार नाही. चौकटीत ॲट आहे ना, त्याच्या दोन्ही बाजूंना काही लिहिलंय ना, एवढं बघा आणि त्या पत्त्यावर खात्रीची लिंक पाठवा. ती उघडली जाईपर्यंत बिल पाठवू नका.

विलंब शुल्क पुढच्या बिलात वजा करावं, माझा आहे तोच पत्ता ॲपमध्ये चालू करावा आणि ऐरोलीच्या ग्राहकांना आजच फोन करून त्यांचा पत्ता दुरुस्त करावा. उत्तर लेखी हवं. ते आलं नाही तर मी ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक, कोपरखैरणे
(नाव व ग्राहक क्रमांक सोबतच्या बिलावर आहे. लाल ओळीचा आणि पानाच्या कोडचा स्क्रीनशॉट जोडला आहे.)