दोन सावधान

ठाणे,
२ जून

प्रिय दिल्या,

आधी माफी मागतो, कारण नंतर सांगतो. नववीत सव्वीस जानेवारीच्या परेडला तू रांगेतच धाडकन पडलास आणि पुढे दहावी संपेपर्यंत आम्ही तुला 'पापड' म्हणायचो. नाव मीच ठेवलं होतं. तर परवा मीही मोडलो. भाचीच्या लग्नात, भर मंगलाष्टकांत.

मे महिन्याची दुपार, हॉलमधला एसी नावापुरता, सकाळपासून पोटात फक्त दोन कप चहा आणि अंगात बायकोच्या हौसेची शेरवानी. मामा म्हणून मी मुलीच्या पाठीशी उभा. अष्टकं संपता संपेनात, कारण दोन्हीकडच्या हौशी आत्यांनी स्वतः रचून आणली होती. मला आधी जांभया यायला लागल्या. मग मळमळ, दरदरून घाम, आणि भटजींचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. डोळ्यांपुढे अंधारी आली. शेवटचं 'सावधान' मी ऐकलंच नाही.

पुढचं बायकोने सांगितलं. माझे हात दोन-तीनदा झटकले, तशी कुणीतरी "फिट आली, फिट!" म्हणून ओरडलं. कांदा आला, मग चप्पल. तेवढ्यात दोन धडधाकट व्याह्यांनी मला बखोटीला धरून खुर्चीत बसवलं, आणि मी पुन्हा गेलो.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, आडवं झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून तीन मिनिटांपर्यंत पुन्हा पुन्हा घेतलं. सगळं ठीक. मी म्हटलं, मग झालं काय? त्यांनी जे सांगितलं ते तुला सांगायलाच हे पत्र.

आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या धमनीतले दाब मोजणारे संवेदक ते लगेच ओळखतात, आणि आपल्याला न विचारता काम करणारी स्वायत्त चेतासंस्था कामाला लागते. तिचा अनुकंपी भाग रक्तवाहिन्या आवळतो, ठोके वाढवतो. चालताना पोटऱ्याही रक्त वर ढकलतात. सावधानमध्ये त्या थिजलेल्या! त्यात उकाडा आणि उपाशी पोट. अशा वेळी काही माणसांत गाडं एकदम उलटतं: अनुकंपी भाग हात सोडून देतो आणि व्हेगस नावाची चेता (नर्व्ह) हृदयाला करकचून ब्रेक लावते. (व्हेगस म्हणजे लॅटिनमध्ये भटकी. मेंदूपासून पोटापर्यंत फिरते, म्हणून मळमळही.) ठोके मंदावतात, वाहिन्या सैलावतात, मेंदूला रक्त कमी पडतं. ते थांबलं तर शुद्ध हरपायला सहा-आठ सेकंद पुरतात. हात झटकतात तेही त्यामुळेच, दरवेळी ती फिट नसते.

याला 'व्हॅसोव्हेगल' हे नाव थॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३२ मध्ये रूढ केलं. त्यांनी ॲट्रोपिन हे औषध देऊन व्हेगसचा ब्रेक सोडवून पाहिला. नाडी वाढली, पण दाब खालीच राहिला. म्हणजे नुसत्या हृदयाचा दोष नव्हे, सैलावलेल्या वाहिन्यांचाही.

मला सगळ्यात पटलं ते हे, की पडणं हाच त्यावरचा उतारा आहे. आडवा झालास की मेंदू हृदयाच्या पातळीवर येतो आणि रक्त आपोआप पोचतं. आपले लोक मायेने उचलून बसवतात, तिथे घोळ होतो. नुसतं झोपवून पाय वर धरले असते तर माझी दुसरी फेरी टळली असती. कांद्याचं श्रेय कांद्याला देऊन टाकू.

पण धावताना, झोपलेलं असताना किंवा छातीत धडधड होऊन कुणी पडलं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर तिथे थट्टा नाही. हृदय तपासायलाच हवं, असंही त्यांनी बजावलं.

आता पाणी भरपूर पितो. काल रक्त तपासायला गेलो, सुई पाहून पुन्हा जांभई आली. लगेच पायांची तिढी घालून मांड्या आवळल्या, मुठी घट्ट केल्या. दाब तेवढ्यापुरता सावरतो. निभावलं. तू नातीबरोबर लस टोचायला जातोस तेव्हा करून बघ.

एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी तू डबा न खाता आला होतास का? आणि पी.टी.च्या सरांनी तुला उठवून पुन्हा रांगेत उभं केलं, तेव्हा तू दुसऱ्यांदा पडलास, असं मला अंधुक आठवतंय. खरं का रे ते?

तुझा,
बंड्या