जळकं ऑइल गटारात नको, ट्रेमध्ये हवं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस तोंडावर आला की टेम्पो-ट्रकवाले ऑइल बदलून घेतात. नवी मुंबईत घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, कळंबोली, ठाण्यात वागळे इस्टेट, कोपरी. जिथे घरासमोर गाडी उभी राहते तिथे मेअखेरीस रस्त्यावर काळे डाग वाढतात आणि पहिल्या सरीत त्यावरून दुचाक्या घसरतात. मग सोसायट्या 'आवारात गाडीचे काम करण्यास मनाई' असे फलक लावतात. त्याने डाग जात नाहीत, पुढच्या गल्लीत सरकतात. एकच गाडी असलेला मालक स्वतः ऑइल बदलतो तेव्हा मजुरी तर वाचतेच, शिवाय डब्यातलं ऑइल कोणतं होतं आणि फिल्टर खरंच नवा बसला का, हे त्याच्या डोळ्यांसमोर होतं. हे काम बंद पडू नये, फक्त जमिनीवर थेंब न पाडता व्हावं. ते होतं, आणि त्याला महागडं सामान लागत नाही.

आधी ट्रे. वीस लिटरचा प्लास्टिकचा कॅन आडवा ठेवायचा आणि वरची रुंद बाजू कापायची, पण कडेला दोन-तीन बोटं काठ राखायचा. या काठामुळे ट्रे ओढताना ऑइल हिंदकळून बाहेर येत नाही, आणि कॅनचं मूळ बूच नंतर ओतायला तोटीसारखं उपयोगी पडतं. छोट्या टेम्पोत साधारण तीन-चार लिटर ऑइल असतं, पिकअपमध्ये पाच ते सात. त्यांना हा ट्रे पुरतो. सहा सिलिंडरच्या ट्रकात पंधरा लिटर आणि त्याहून जास्त निघतं, तिथे मोठा ड्रम उभा चिरून घ्यावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. ट्रे त्याच्या दीडपट हवा. धार चालू असताना भरलेला ट्रे बदलण्याच्या नादातच निम्मे डाग पडतात. ट्रेखाली ताडपत्री, ताडपत्रीवर जुना पुठ्ठा.

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. ट्रक मुळात उंच असतो, जॅक लावायची गरज पडत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच शिरू नये. इंजिन दहा मिनिटं चालवून बंद करावं आणि पाच-दहा मिनिटं थांबावं. थंड ऑइल जाड असतं, तळाशी बसलेला गाळ सोबत आणत नाही. लांबच्या फेरीवरून आल्या आल्या चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा, नट उघडला तर हात भाजतो. आणि नटाला पाना लावण्याआधी वरचं फिलरचं, म्हणजे नवं ऑइल ओतायचं, झाकण उघडून बघावं. ते अडकलेलं असेल तर चेंबर रिकामं झाल्यावर कळून उपयोग नाही.

चेंबरच्या नटाला रिंग पाना किंवा गोटी पानाच लावावा. उघड्या तोंडाचा पाना सटकतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. नट सुटायला लागला की हातमोजा घालून बोटांनी वर दाबत दाबत फिरवायचा. आटे संपले तरी तो दाबलेलाच राहतो, मग एका झटक्यात बाजूला काढायचा. असं केलं की हातावरून कोपरापर्यंत ओघळ येत नाही आणि नटही ट्रेमध्ये बुडत नाही. भोक चेंबरच्या बाजूला असेल तर सुरुवातीची धार हातभर लांब पडते, जोर ओसरला की जवळ येते आणि शेवटी चेंबरच्या पत्र्यालाच चिकटून ओघळते. ट्रे या दोन्ही टोकांना पुरेल असा लांबट बाजूने लावावा. खाडीकडचा वारा असेल तर शेवटची बारीक धार उडते. त्या बाजूला पुठ्ठा आडवा उभा करावा. पंधरा-वीस मिनिटं निथळू द्यावं, घाई करू नये.

तोवर नट नीट बघावा. काही नटांना चुंबक असतं. त्यावर करडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असणं नेहमीचं. बोटांत चोळल्यावर कण टोचले किंवा चकाकणारे तुकडे दिसले तर इंजिन आतून झिजतंय. ऑइल दुधाळ कॉफीसारखं असेल तर कूलंट (रेडिएटरचं पाणी) मिसळतंय, म्हणजे हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर तपासायला हवा. पाण्यासारखं पातळ आणि डिझेलचा वास असेल तर इंजेक्टर बघावेत. आयतं सर्व्हिसिंग करून घेणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

खरा चिखल होतो तो फिल्टरपाशी. अनेक गाड्यांत तो आडवा किंवा तिरका बसवलेला असतो. सैल केला की ऑइल चासीच्या आडव्या पट्टीवर पडतं आणि चारही दिशांना वाहत सुटतं. यावर दोन उपाय. तांदळाची पाच किलोची जाड पिशवी फिल्टरवर खालून चढवून वरच्या बाजूला धरायची, चेन पान्याने फिल्टर अर्धा फेरा सैल करायचा आणि थांबायचं. आतलं ऑइल पिशवीत उतरलं की पिशवीतच तो हाताने फिरवून काढायचा. पिशवी चढवायला जागा नसेल तर जुन्या ऑइल डब्याचा पत्रा कापून पन्हाळ करावी, एक टोक फिल्टरच्या तोंडाखाली, दुसरं ट्रेमध्ये. फिल्टरमध्ये स्क्रूड्रायव्हर खुपसून फिरवायची पद्धत सोडून द्यावी. पत्रा फाटतो, दोन्ही भोकांतून ऑइल गळतं आणि फिल्टर तिथेच अडकला तर पकडायलाही काही उरत नाही.

जुना फिल्टर निघाल्यावर त्याची रबरी रिंग त्याच्यासोबत आली का, हे बोट फिरवून बघावं. ती इंजिनला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी रिंग बसली की सेल्फ मारल्यावर प्रेशरने दोन रिंगांच्या मधून ऑइल फेकलं जातं. काही मिनिटांत चेंबर रिकामं, रस्ता काळा आणि बेअरिंग गेली. नव्या रिंगला नव्या ऑइलचं बोट लावावं, फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवावा आणि मग साधारण पाऊण फेरा. नेमकं फिल्टरवरच छापलेलं असतं. इथे पाना नको. फिल्टर उभा बसत असेल आणि पुस्तकात मनाई नसेल तर तो आधी भरून लावावा, म्हणजे टर्बोला ऑइल लवकर पोहोचतं. मात्र ओतायचं ते कडेच्या बारीक भोकांतून. मधलं भोक गाळलेल्या ऑइलच्या वाटेचं आहे, त्यात पडलेला कचरा थेट बेअरिंगला जातो.

नटाचा तांब्याचा वायसर दर वेळी नवा. एकदा दबलेला वायसर पुन्हा नीट दबत नाही, मग गळती थांबवायला लोक पान्याला पाइप लावून आवळतात आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. दहा-वीस रुपयांसाठी चेंबर घालवायचं?

ग्रेड पुस्तकातलीच घ्यावी. डिझेलला सहसा १५डब्ल्यू-४० चालतं, पण बीएस-६ गाडीला सीके-४ दर्जाचं किंवा कंपनीने सांगितलेलं कमी राखेचंच हवं. ऑइलची राख डीपीएफमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या काजळी गाळणाऱ्या फिल्टरमध्ये, साठते आणि काजळी जाळून तो साफ होतो (रीजनरेशन) तेव्हाही ती जळत नाही. सांगितलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरावं, इंजिन रेस न करता चालू करावं, प्रेशरचा दिवा विझेपर्यंत थांबावं, बंद करून दहा मिनिटांनी ऑइल मोजायची पट्टी बघावी आणि उरलेलं थोडं थोडं घालावं. वरच्या खुणेच्या वर गेलं तर क्रँक ते घुसळून फेस करतो.

एवढं करूनही सांडलंच तर वखारीतला भुसा पसरून वर पायाने रगडावं, अर्ध्या तासाने झाडून बंद पिशवीत भरावं. पाणी आणि साबण अजिबात नको. साबणाने ऑइल नाहीसं होत नाही, विरघळल्यासारखं होऊन सरळ गटारात जातं. नवी मुंबईतली पावसाळी गटारं अनेक ठिकाणी धारण तलावांत उतरतात आणि तिथून खाडीत. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, आणि आपलं काळं पाणी तिथेच पोहोचतं.

निथळलेलं ऑइल त्याच नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरावं. त्यात कूलंट, ब्रेक ऑइल, डिझेल मिसळू नये; मिसळलेलं ऑइल शुद्ध करणं अवघड होतं. फिल्टर उलटा टांगून रात्रभर निथळू द्यावा, ट्रकच्या फिल्टरमध्ये बरंच ऑइल उरतं. डबे रिकामे झाले की भोक पाडूनच भंगारात द्यावेत, नाहीतर त्यांत बनावट ऑइल भरून ते पुन्हा दुकानात येतात. आणि हात डिझेलने धुऊ नयेत. जळक्या ऑइलमधली द्रव्यं कातडीला कर्करोगापर्यंत नेऊ शकतात, डिझेलने कातडीचं तेल जाऊन ती आणखी आत शिरतात. हातमोजे हे नखरे नव्हेत.

अडचण आहे ती इथून पुढे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं ऑइल नोंदणीकृत प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवरही त्याची जबाबदारी आली आहे. पण चार-सहा लिटर घेऊन उभ्या असलेल्या टेम्पोवाल्याने ते द्यायचं कुठे? म्हणून ते भंगारवाल्याकडून भट्टीत जळतं, सेंट्रिंगच्या फळ्यांना फासलं जातं, किंवा रात्री नाल्यात ओतलं जातं. ठाणे, नवी मुंबई आणि पनवेल महापालिकांनी ट्रक टर्मिनल आणि एपीएमसीच्या आसपास छपराखाली झाकणाचा ड्रम, त्यावर मोठं जाळीचं नरसाळं, खाली गळती धरणारा हौद आणि निथळलेल्या फिल्टरसाठी वेगळी पेटी, एवढी सोय करावी. ड्रम भरला की प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंद असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याने तो उचलावा आणि उचलल्याची तारीख ड्रमवर लिहावी. पहिला ड्रम जून लागण्याआधी ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक टेम्पो मेकॅनिक, घणसोली