लोक अभिरक्षक कार्यालयातल्या मॅडमना

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी लिहीत नाही. "हे माझं कामच आहे, त्यात नाव कशाला?" असं तुम्हीच म्हणाला होतात. पण पत्र उघडच लिहितेय. कोर्टाच्या व्हरांड्यात आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच पुढच्या फाइलकडे वळता. शिवाय, माझ्या धाकट्या भावासाठी सरकारी खर्चाचा, म्हणजे मोफत वकील म्हणून तुम्ही जे केलंत ते कायद्याने कुणालाही मागता येतं, याची कल्पनाच नसलेली माणसं मला त्याच व्हरांड्यात रोज दिसायची.

गोदामातल्या चोरीत आमच्या धाकट्याला उचललं, तेव्हा पहिल्या रिमांडला न्यायाधीशांनी त्याला विचारलं होतं, "वकील आहे का?" त्याने मान हलवली. ती 'हो'ची होती की 'नाही'ची, हे त्याला आजही सांगता येत नाही. वकील नसेल तर सरकारी खर्चाने मिळतो, हे आरोपीला सांगणं न्यायाधीशांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच बजावलं आहे, हे मला नंतर तुमच्याकडून कळलं. सांगितलं असेलही बापडं. पण बेड्या घालून उभ्या केलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाला त्यातलं किती उमगतं?

मग आम्ही एक खासगी वकील केला. आगाऊ पैसे दिले. तारखेला कधी त्यांचा ज्युनियर यायचा, कधी तोही नाही. पैसे संपले तसे फोनही उचलेनासे झाले. अशात कारागृहातल्या विधी स्वयंसेवकाने धाकट्याकडून एक अर्ज भरून घेतला आणि तो तुमच्या टेबलावर आला.

मी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढून आणला होता. तो तुम्ही बघितलाही नाहीत. "तो कोठडीत आहे ना? मग उत्पन्न कुणी विचारत नाही." मला खरं वाटेना, तेव्हा तुम्ही विधी सेवा प्राधिकरण कायद्यातलं, मोफत वकील कुणाला मिळतो ते सांगणारं कलम १२ काढून बोटाने ओळी दाखवल्यात. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, पूर-भूकंपाचे बळी, कोठडीतले. यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना आहे, आणि महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाखांची आहे. म्हणजे उद्या माझीच काही केस उभी राहिली तर बाई म्हणून मलाही वकील मिळेल, मिळकत कितीही असो. घरी हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसला नाही.

"फुकटचा वकील फुकटासारखंच काम करणार," हे वाक्य आमच्या नात्यात झाडून सगळ्यांनी ऐकवलं. त्यांच्यासाठी सांगते. तुम्ही कारागृहात जाऊन धाकट्याला भेटलात आणि म्हणालात, "खरं काय झालं ते मला सांग. बहिणीला नाही सांगितलंस तरी चालेल." त्याने काय सांगितलं ते मी आजवर विचारलेलं नाही. पण त्या भेटीनंतर तो नीट जेवायला लागला. दोषारोपपत्राची प्रत घेऊन तुम्ही मला बसवलंत आणि कुठल्या साक्षीदाराने काय म्हटलंय ते साध्या मराठीत वाचून दाखवलंत. पंचनाम्यावरची वेळ आणि फिर्यादीतली वेळ जुळत नाही, तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारलीत. आधी दिलेल्या पैशांत आम्हाला ते दोषारोपपत्र दिसलंसुद्धा नव्हतं. आणि 'सुटेलच' असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. मला तेव्हा त्याचा रागच यायचा.

जामीन मंजूर झाला त्या दिवशी आम्हाला वाटलं, झालं. खरी रखडपट्टी तिथून पुढे. आदेशात स्थानिक जामीनदाराची अट होती आणि आम्ही दुसऱ्या जिल्ह्यातले. इथे ओळखीचा एक मुकादम, तोही भाड्याच्या खोलीत. सातबारा कुणाचा आणायचा, ऐपतीचा दाखला कोण देणार? जामीन झालेला माणूस आतच. कोर्टाच्या फाटकाजवळ एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, जामीनदार आम्ही देतो, कागद आमचे, तुम्ही फक्त पैशांचं बघा. मी तुम्हाला विचारायला आले, ते बरं झालं. "असले कागद खोटे निघाले की मिळालेला जामीनही जातो," एवढंच म्हणून तुम्ही अर्ज लिहायला घेतलात.

तो अर्ज मी जपून ठेवलाय. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या अशाच अडकलेल्या कैद्यांसाठी निर्देश दिले होते, त्यांचा हवाला तुम्ही दिलात. जामिनाचा आदेश कारागृहाला ई-मेलने पाठवायचा. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी मोफत कायदेशीर मदत बघणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही, तर अटी सैल करता येतील का हे न्यायालयाने स्वतःहून बघायचं. बाहेर आल्यावर जामीनदार देतो असं कैदी म्हणत असेल, तर ठरावीक मुदतीसाठी तात्पुरता जामीन देता येतो. आणि स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळे माणसं आत राहतात, हे तर त्यात सरळच म्हटलंय. न्यायाधीशांनी अर्ज वाचला, सरकारी वकिलांना दोन प्रश्न विचारले, आणि जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच लेखी हमीवर, तात्पुरतं सोडून जामीनदार द्यायला मुदत दिली. पाच मिनिटांचं काम. हे निर्देश माहीत असलेला माणूस आमच्या बाजूने उभा नसता, तर ती पाच मिनिटं कधी आली असती?

तुमच्या टेबलाशी बसून मी बरंच वाचलं. मोफत कायदेशीर मदतीचं कलम ३९अ राज्यघटनेत आलं १९७६ च्या दुरुस्तीने. विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला १९८७ चा, पण लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. मधली आठ वर्षं काय चाललं होतं कोण जाणे. १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांचं प्रकरण हुसैनआरा खातून यांच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेलं. आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा लागली असती, तिच्याहून जास्त काळ काही जण नुसते खटल्याची वाट बघत आत होते. आणि १९८६ चा तो सुक दासचा निकाल. आरोपीने वकील मागितला नाही म्हणून त्याचा हक्क संपत नाही, असं म्हणून न्यायालयाने त्याची शिक्षाच रद्द केली. हे वाचताना मला धाकट्याची ती हललेली मान आठवली.

एक तक्रारही लिहिते, रागावू नका. तुमच्या कार्यालयाची पाटी जिन्यामागे आहे. अडलेला माणूस तिथवर पोचेपर्यंत दहा जणांना पैसे देऊन बसलेला असतो. ती फाटकाशी लावा, आणि तिच्यावर १५१०० हा हेल्पलाइनचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहा. तालुक्याच्या कोर्टातही विधी सेवा समिती असते आणि तिथेही अर्ज घेतात, हेही लिहा. मोफत दिलेल्या वकिलाने पक्षकाराकडे पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करता येते, हे तर आधी लिहा. तुमच्यासारखे सगळेच नसतात. ते तुम्हालाही ठाऊक आहे.

खटला अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते लागेल. धाकटा तारखेला वेळेवर येतो, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि पुकारा होईपर्यंत एका जागी बसून राहतो. तुम्हाला नमस्कार सांगितलाय. तुमच्यासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून मीच लिहितेय.

आणि हो, गावाकडच्या मामांच्या ऐपतीचा दाखला मिळाला. सातबारा, आधार आणि दोन फोटो सोबत घेतलेत. मुदत संपायच्या आत मामांना घेऊन येते. आणखी काही लागणार असेल तर तेवढं कळवा.

आपली,
तुमच्या एका पक्षकाराची बहीण