कॅसेटचा कॅमेरा इतक्यात विकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीला चाकरमानी गावी आले की साफसफाईत माळ्यावरचे सामान खाली उतरते आणि त्यात कॅसेटवर चित्रण करणारा एखादा व्हिडिओ कॅमेरा हमखास निघतो. मग घराघरांत तोच वाद : हा ठेवायचा, की येईल त्या किमतीला देऊन मेमरी कार्डाचा घ्यायचा? नवे चित्रण कार्डावरच करावे, यात शंका नाही. पण घरात एक जरी भरलेली कॅसेट असली, तर ती संगणकावर उतरवून घेईपर्यंत चालू कॅमेरा विकू नये. कॅसेट वाचणारे यंत्र म्हणून त्याला पर्याय नाही, आणि असे यंत्र आता नवे मिळत नाही.

त्यातही ज्या कॅमेऱ्यावर चित्रण झाले तोच जपावा. मिनी-डीव्ही या छोट्या डिजिटल प्रकारच्या ६० मिनिटांच्या कॅसेटवर बरेच लोक ‘एलपी’ (फीत हळू चालवून जास्त वेळ भरण्याची सोय) लावून ९० मिनिटे भरत. पंगती उठेपर्यंत कॅसेट पुरावी, एवढाच हेतू. पण एलपीमध्ये चित्राच्या पट्ट्या फितीवर इतक्या दाटीने पडतात की दुसऱ्या कॅमेऱ्याचे हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, त्यांवर नीट बसेलच असे नाही. चित्रात चौकोन फुटतात, आवाज तुटतो. जुन्या कारकुनाची मोडी जशी त्याची त्यालाच लागायची, तसे हे प्रकरण असते.

आपल्या किनाऱ्यावर खरा शत्रू हवा. मिनी-डीव्हीची फीत जेमतेम ६.३५ मिलिमीटर रुंद आणि ७ मायक्रॉनच्या आसपास जाड. ती मिनिटाला ९,००० फेरे घेणाऱ्या, हेड बसवलेल्या गुळगुळीत ड्रमवरून सरकते. ज्या हवेत बरणीतले मीठ पाणी सोडते, त्या हवेत अशा फितीचे काय होत असेल ते सांगायला नको. एसी गाडीतून उतरून थंडगार कॅमेरा थेट देवळाच्या आवारात काढला, की ड्रमवर दव धरते आणि फीत त्याला चिकटते. म्हणून कॅमेरा दवाची खूण दाखवतो आणि कॅसेट बाहेर काढण्यापलीकडे काहीच करू देत नाही. तो बिघडलेला नसतो. कॅसेट काढून झाकण उघडे ठेवावे आणि तासभर थांबावे. त्याहून सोपे म्हणजे एसीतच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि बाहेर आल्यावर तो हवेइतका गरम झाला की मगच पिशवी सोडावी.

दुसरे संकट बुरशीचे. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीची कड उजेडात तिरकी धरून पाहावी. कड काळी आणि सपाट दिसली तर ठीक. पांढुरकी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती कॅसेट कॅमेऱ्यात मुळीच घालू नये. ती घाण हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवून फीत साफ करणाऱ्या जाणकाराकडेच द्यावी. बाकीच्या कॅसेटी पूर्ण मागे गुंडाळून, पुस्तकासारख्या उभ्या, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवाव्यात. लोखंडी कपाट पावसाळ्यात आतून घामेजते. त्यावर भरवसा नको.

उतरवण्याचे काम दिवाळी ते शिमगा या कोरड्या दिवसांत करावे. आधी कॅसेटच्या पाठीवरची छोटी खिट्टी ‘सेव्ह’कडे सरकवावी, म्हणजे चुकून लाल बटण दाबले गेले तरी जुन्यावर नवे चढणार नाही. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळावी; वर्षानुवर्षे एकाच जागी बसलेली फीत त्याने मोकळी होते. बॅटरी मेली असली तरी हरकत नाही, कॅमेरा अ‍ॅडॉप्टरवर चालतो. पण आपल्याकडच्या विजेचा लहरीपणा पाहता कॅमेरा आणि संगणक ही दोन्ही यंत्रे इन्व्हर्टरवर असावीत. ड्रमला फीत गुंडाळलेली असताना वीज गेली आणि कुणी झाकण ओढले, तर फितीला कायमची सुरकुती पडते.

सर्वांत जास्त फसगत केबलमध्ये होते. कॅमेऱ्याला यूएसबी असते म्हणून लोक ती जोडतात. पण बहुतेक मिनी-डीव्ही कॅमेऱ्यांत ती फक्त फोटोंसाठी किंवा बारीक, धूसर चित्रासाठी असते. अस्सल चित्र निघते ते ‘डीव्ही’ किंवा ‘आय-लिंक’ लिहिलेल्या चार पिनांच्या खाचेतून, म्हणजे फायरवायर या वेगळ्या जोडणीतून. एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्याला यूएसबी अशा स्वस्त केबली ऑनलाइन मिळतात. त्या इथे काहीही कामाच्या नाहीत. डेस्कटॉप संगणकात फायरवायरचे कार्ड बसवावे, ते अवघड नाही. विंडोज १० वर कधी कधी ते कार्ड चालवणारा जुना ‘लेगसी’ ड्रायव्हर घालावा लागतो. मॅकवाल्यांनी जुने मशीन जपावे, २०२५ च्या मॅक-ओएसमधून फायरवायर काढून टाकले आहे. केबलचे संगणकाकडचे टोक सहा पिनांचे असेल तर ते उलटे रेटू नये, पोर्ट जळतो.

६० मिनिटांची कॅसेट उतरायला ६० मिनिटेच लागतात, घाई चालत नाही. एका तासाची फाइल साधारण १३ जीबीची होते, म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर ७५ कॅसेटी मावतात. ही मूळ फाइल तशीच ठेवावी. मोबाइलवर पाठवायला लहान फाइल हवी तर ती वेगळी करावी. चित्रात एकाआड एक आडवे पट्टे दिसले तर दोनपैकी एक हेड तुंबले असे समजावे. क्लीनिंग कॅसेट १० सेकंद चालवावी, त्याहून जास्त नको. ती हेड घासूनच साफ करते.

व्हिडिओ-८ आणि हाय-८ या ऑडिओ कॅसेटएवढ्या, पण जाडसर कॅसेटींसाठी डिजिटल-८ चा, म्हणजे त्याच आकाराच्या कॅसेटवर डिजिटल चित्रण करणारा कॅमेरा शोधावा. त्यातले अनेक (सगळे नव्हे) जुनी फीत वाचून थेट फायरवायरवर देतात.

आता कॅसेटविना चालणारे. यांतही डावे-उजवे आहे. ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीचा कॅमेरा फुकट मिळाला तरी नवे चित्रण त्यावर करू नये : १.४ जीबीची चकती, चांगल्या दर्जात २० ते ३० मिनिटे. जुन्या चकत्या घरात असतील, तर त्या ज्या कॅमेऱ्यात भरल्या त्याच कॅमेऱ्यात ‘फायनलाइज’ करून घ्याव्यात, नाहीतर संगणकाला त्या कोऱ्या वाटतात. आणि चकती गिळणाऱ्या फटीच्या ड्राइव्हमध्ये ती घालू नये, आतच अडकते. हार्ड डिस्कचा कॅमेरा धक्का बसला की डिस्क वाचवण्यासाठी चित्रण थांबवतो. शिमग्याला पालखी नाचवताना हे नेमके केव्हा होईल, ते सांगायची गरज नाही.

उरतो कार्डाचा. चित्रण साठवण्याच्या, २००६ मध्ये आलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत सेकंदाला १७ मेगाबिटने ३२ जीबीच्या कार्डावर चार तास मावतात. रात्रभर चालणाऱ्या दशावतारात दर तासाला कॅसेट बदलताना नेमका राक्षस रंगात यायचा. तो ताप गेला. शांत भजनात माइक कॅसेटच्या मोटरची घरघर पकडायचा, तीही गेली. पण कॅसेट भरली की तीच साठवण असायची; कार्ड मात्र पुढच्या कार्यक्रमाआधी पुसले जाते. ते ज्या दिवशी भरले त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर उतरावे, आणि नुसत्या चित्रणाच्या एमटीएस फाइली न उचलता कार्डावरचा सगळा फोल्डर उचलावा. लांब चित्रण कॅमेरा तुकड्यांत लिहितो. ते तुकडे बेमालूम जोडायची माहिती बाकीच्या फाइलींत असते. भरलेले कार्ड वर्षानुवर्षे ड्रॉवरमध्ये टाकून ठेवणे हा तर निव्वळ जुगार, त्यातला विद्युतभार हळूहळू ओसरतो.

हौसेने जुन्या धाटणीच्या चित्रासाठी कॅसेटचा कॅमेरा विकत घेणाऱ्या तरुणांनी एवढे करावे : कॅसेट सोबत न्यावी, पाच मिनिटे चित्रण करून ते तिथेच पाहावे आणि कॅसेट तीनदा आत-बाहेर करावी. खाऱ्या हवेत आधी गंजते ते हे झाकणच.

एक विनंती. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जुनी सार्वजनिक वाचनालये तालुक्यातालुक्यात आहेत. प्रत्येक तालुक्यात एका वाचनालयाने एक मिनी-डीव्ही, एक डिजिटल-८, फायरवायर कार्डाचा एक जुना संगणक आणि दोन डिस्का एवढे ठेवले, तर लोकांना मुंबईपर्यंत कॅसेटी न्याव्या लागणार नाहीत. कॅमेरे विकत घ्यायचीही गरज नाही. ते माळ्यांवर पडूनच आहेत, वाचनालयांनी फक्त मागावेत. नमन-खेळ्यांची आणि दशावताराची कितीतरी चित्रणे लग्नाच्या कॅसेटींच्या शेवटच्या दहा मिनिटांत उरली आहेत, म्हणून उतरवताना फीत संपेपर्यंत चालू द्यावी.

आपला,
एक वाचक, कुडाळ