फिलर घेण्याआधी क्लिनिकचा फ्रीज उघडून दाखवायला सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या शनिवारच्या पुरवणीत चेहऱ्याच्या फिलरची, म्हणजे गाल, ओठ, नाक भरायला टोचतात त्या जेलची, अर्ध्या पानाची जाहिरात पाहिली. एका तासात गाल भरून मिळतील, लगेच कामावर जाता येईल, असं तीत म्हटलं होतं. सवलतीचा आकडा ठळक छापला होता, पण इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरचं नाव कुठेच नव्हतं. मिरजेतल्या एका नेत्ररुग्णालयात मी ३१ वर्षं ओटी सिस्टर, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली नर्स, होते आणि दोन वर्षांपूर्वी मी स्वतः फिलर घेतलं आहे. म्हणून हे पत्र.

साखर आटोक्यात आणायची म्हणून निवृत्तीनंतर वर्षभरात मी १४ किलो वजन उतरवलं. साखर उतरली, पण गालही खपाटीला गेले. भाजीवाल्या मावशींपासून जुन्या सहकाऱ्यांपर्यंत जो भेटेल तो विचारायचा, “सिस्टर, आजारी होता का?” तब्येत उत्तम असताना रोज हा प्रश्न ऐकून माणूस खचतं. यात नटण्यामुरडण्याची हौस नव्हती, आणि असती तरी त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

कोल्हापूरच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. पहिल्या भेटीत त्यांनी सुई हातातच घेतली नाही. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट पाहिला, चालू गोळ्यांची यादी केली. मी हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन घेते. त्यांनी माझ्या फिजिशियनना फोन लावला आणि मग मला सांगितलं, “गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. काळंनिळं थोडं जास्त होईल, तेवढी तयारी ठेवा.” पंधरा दिवस आधी आणि नंतर दाताचं कुठलंही काम काढायचं नाही, हेही बजावलं. एका सिरिंजमध्ये १ मिलि जेल असतं, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. मला दोन लागल्या. एक २७ हजारांची, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ६३,७२० रुपये. ही रक्कम त्यांनी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिली होती.

जेलचं नाव ऐकलं तेव्हा मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. हायलुरोनिक अ‍ॅसिड. हा पदार्थ १९३४ साली कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या काचेसारख्या द्रवातून पहिल्यांदा वेगळा काढला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बुबुळाच्या आतल्या नाजूक थराला धक्का लागू नये म्हणून जे जेल आम्ही डॉक्टरांच्या हातात द्यायचो, ते याच घराण्यातलं. फिलरमध्ये त्याचे धागे एकमेकांत गुंतवून घट्ट केलेले असतात, म्हणून ते लगेच विरघळत नाही. ओठात साधारण सहा महिने ते वर्ष आणि गालात बरेचदा त्याहून जास्त टिकतं. पण कायमचं नव्हे. माझं आता बरंचसं उतरलंय.

प्रत्यक्ष काम पाऊण तासाचं. जेलमध्येच भुलीचं औषध मिसळलेलं असतं, त्यामुळे पहिल्या टोचणीनंतर ओढल्यासारखं वाटतं, फारसं दुखत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं तर डावा गाल उजव्यापेक्षा दीडपट आणि डोळ्याखाली जांभळा डाग. डाग हळूहळू हिरवा, मग पिवळा होत अकराव्या दिवशी गेला. बोटाला हरभऱ्याएवढी एक गाठ लागायची, तीही दुसऱ्या आठवड्यात मऊ पडली. दोन दिवस चुलीपाशी, कडक उन्हात, व्यायामाला जायचं नाही, गाल चोळायचे नाहीत, पालथं झोपायचं नाही. खरा चेहरा मला दोन आठवड्यांनी दिसला. लग्नाच्या आदल्या आठवड्यात फिलर घ्यायला निघालेल्या मुलींना हे कुणी सांगतच नाही.

माझ्या भाचीलाही कुणी सांगितलं नाही. रविवारी साखरपुडा आणि बुधवारी दुपारी तिनं एका सलूनमध्ये नाकाचा कणा उंच करून घेतला. टोचणारी मुलगी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेली. रात्री साडेआठला फोन आला, “आत्या, नाक पांढरं पडलंय, पण दुखत काहीच नाही.” मी व्हिडिओ कॉल करायला लावला. नाकाच्या शेंड्यापासून नाकपुडीपर्यंत पांढुरकं, आणि कडेला माशाच्या जाळ्यासारखी जांभळी नक्षी. तिला नखानं दाबून सोडायला सांगितलं. रक्त दोन सेकंदांत परतायला हवं. मी सहापर्यंत मोजलं. भुलीच्या औषधानं दुखणं झाकलं जाऊ शकतं, आणि दुखत नाही एवढ्याच भरवशावर सलूननं तिला “बर्फ लाव, सकाळपर्यंत बरं होईल” म्हणून घरी पाठवलं होतं.

जेल रक्तवाहिनीत शिरलं किंवा बाहेरून तिला दाबून बसलं की पुढच्या कातडीचं रक्त तुटतं. असं क्वचित होतं, पण नाक आणि दोन भुवयांमधली जागा यासाठी सगळ्यात वाईट. तिथल्या वाहिन्यांचा डोळ्याच्या वाहिन्यांशी संबंध आहे. जोरानं ढकललेलं जेल उलटं जाऊन डोळ्याच्या पडद्याची रक्तवाहिनी बंद करू शकतं, आणि गेलेली नजर बहुतेकदा परत येत नाही. पडद्याचं रक्त थांबल्यावर हिशेब मिनिटांचा असतो, हे मी ओटीत शिकले आहे. भाचीला घेऊन गाडीत बसल्याबरोबर मी पोरीचा एकेक डोळा झाकून रस्त्यावरच्या पाट्या वाचून घेतल्या. दोन्ही डोळ्यांनी नीट दिसत होतं. मग जयसिंगपूर, हातकणंगले करत कोल्हापूर गाठलं.

बाईंनी क्लिनिक उघडून ठेवलं होतं. त्यांनी फ्रीजमधून हायलुरोनिडेझच्या कुप्या काढल्या तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मोतीबिंदूआधी डोळ्याला भूल देताना औषध सगळीकडे पसरावं म्हणून आम्ही हेच भुलीत मिसळायचो. ते हायलुरोनिक अ‍ॅसिड विरघळवतं. दर तासाला इंजेक्शन, शेक, हलक्या हातानं चोळणं, आणि नखानं दाबून मोजणं. दीडच्या सुमारास रक्त तीन सेकंदांत परतू लागलं. भाचीच्या नाकपुडीशेजारी तीळाएवढा व्रण राहिला आहे. साखरपुडा पुढे ढकलला.

आमचं नशीब की भरलेलं जेल हायलुरोनिक अ‍ॅसिडचंच होतं. कॅल्शियमचं फिलर या औषधानं विरघळत नाही, आणि पातळ सिलिकॉन टोचून घ्यायचा तर विचारही करू नये. सुईशिवाय दाबानं जेल आत मारणारे पेन बाजारात मिळतात. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, ऑक्टोबर २०२१ मध्येच लोकांना ते वापरू नका म्हणून बजावलं आहे.

म्हणून माझ्या ओळखीत कुणी फिलर घ्यायचं म्हणालं की मी तिला तीन गोष्टी मागायला सांगते. सील असलेला डबा तुमच्यासमोर फोडावा आणि त्यावरचं लॉट नंबरचं स्टिकर तुमच्या कागदावर चिकटवावं. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक द्यावा, तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पडताळता येतो. आणि फ्रीज उघडून हायलुरोनिडेझ दाखवावं, तारखेसकट. माझ्या बाईंनी हे तिन्ही न मागता केलं होतं. मागितल्यावर ज्यांना राग येतो त्यांच्याकडून उठून यावं.

संपादक महोदय, आपल्याकडे एकच विनंती. अशी जाहिरात घेताना इंजेक्शन कोण देणार त्या डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक मागा, आणि तो जाहिरातीतच छापा. भाचीनं ते सलून आपल्यासारख्याच एका पुरवणीतली जाहिरात पाहून निवडलं होतं.

आपली,
एक निवृत्त ओटी सिस्टर, मिरज