‘नाही’ला आकडा आणि वेळ जोडायला शिकवल्याबद्दल

आदरणीय बाई,

सुरक्षा अधिकाऱ्यांना ठामपणाचं प्रशिक्षण द्यायचं म्हटलं की बहुतेक ठिकाणी आत्मविश्वासावर भाषण होतं. तुम्ही वाक्यं बांधायला शिकवलीत. त्यासाठी हे आभाराचं पत्र, आणि उघड यासाठी की गोव्यातल्या इतर कारखान्यांतल्या आमच्या सहकाऱ्यांनाही ते उपयोगी पडावं.

‘जरा सांभाळून करा हां’ हे आमच्या धंद्यातलं सगळ्यांत धोकादायक वाक्य, हे तुम्ही पहिल्याच सत्रात दाखवलंत. बोलणाऱ्याला वाटतं आपण इशारा दिला. ऐकणाऱ्या सुपरवायझरला वाटतं परवानगी मिळाली. त्याऐवजी चार गोष्टी त्याच क्रमाने सांगायच्या: काय मोजलं, त्याने काय होऊ शकतं, काय हवं, आणि तोवर काय बंद. सांडपाण्याच्या टाकीचं उदाहरण घेऊ. ‘तळाशी ऑक्सिजन 18.2 टक्के आहे. आणखी घसरला तर माणूस आत बेशुद्ध पडेल. ब्लोअर लावा, मग वर, मध्ये आणि तळाशी पुन्हा मोजू. 19.5 टक्क्यांच्या वर स्थिर होईपर्यंत आत उतरायच्या परमिटवर मी सही करणार नाही.’ यात कोणावर आरोप नाही आणि पळवाटही नाही.

‘वास तर येत नाही’ हे उत्तर हमखास येतं, म्हणून त्याचं प्रत्युत्तरही तुम्ही आधीच तयार करून घेतलंत. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, आणि 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास न येणं हा सुरक्षिततेचा पुरावा नाही. शिवाय पहिला माणूस पडला की दुसरा त्याला काढायला तसाच उतरतो. ही माहिती पाठ असली की आवाज चढवावा लागत नाही.

जोडी-जोडीने केलेल्या सरावाचा सर्वांत मोठा फायदा झाला. एकाने प्रॉडक्शन मॅनेजर व्हायचं आणि ‘कंटेनर उद्या मुरगावला पोचलाच पाहिजे’ म्हणत दाबायचं. दुसऱ्याने आपलं नकाराचं वाक्य जसंच्या तसं, शांतपणे पुन्हा म्हणायचं. नवं कारण जोडायचं नाही, यावर तुम्ही अडून बसलात. सुरुवातीला ते यांत्रिक वाटतं, पण कारण साधं आहे: चार कारणं दिली की समोरचा त्यातलं सर्वांत कच्चं उचलतो आणि आपण वाद तिथेच हरतो.

हरकत घेण्याच्या चढत्या पायऱ्या तुम्ही विमान क्षेत्रातून आणल्यात. 1977 साली तेनेरीफला धुक्यात दोन जंबो विमानं धडकून 583 माणसं गेली. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं का, अशी शंका फ्लाइट इंजिनियरने कॉकपिटमध्ये काढली होती. कॅप्टनने ‘झालं’ म्हटलं आणि शंका तिथेच राहिली. म्हणून प्रश्न, मग काळजी, मग स्पष्ट हरकत, मग काम बंद. एका पायरीवर दोनदा उत्तर मिळालं नाही की वरची पायरी. मात्र सॉल्व्हंटच्या ड्रमजवळ ग्राइंडर चालू असेल तर पायऱ्या मोजत बसायचं नाही, सरळ शेवटची.

गोव्यातली खरी अडचण तुम्ही टाळली नाहीत. मॅनेजर आपल्याच वाड्यावरचा, ठेकेदार देवस्थानच्या समितीत शेजारी बसणारा. नाही म्हटलं की संबंध तुटेल असं वाटतं. तुमचा उपाय शटडाउनच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवण्याच्या, आधी करायचा आहे: कोणत्या आकड्याला काम थांबेल हे व्यवस्थापनाबरोबर बसून लिहून, सह्या घेऊन ठेवायचं. मग ऐन वेळी थांबवतो तो कागद. मे महिन्यात पावसापूर्वी छपराचे पत्रे बदलताना याची सर्वाधिक गरज पडते. ‘दोनच पत्रे राहिलेत, पाऊस आला तर माल भिजेल’ यावर तयार वाक्य: ‘दोन पत्र्यांनाही लाइफलाइनची दोरी आणि चालायच्या फळ्या लागतील. फळ्या येईपर्यंत शिडी खाली.’ जुना सिमेंटचा पत्रा वरून धड दिसतो आणि माणसाच्या वजनाने फुटतो, हे त्याच दमात सांगायचं.

काय बिघडतं तेही तुम्ही मोकळेपणी मांडलंत. मशीनच्या आवाजात ओरडावं लागतं आणि ओरडणं रागासारखं दिसतं. म्हणून आधी हाताच्या खुणेने काम थांबवायचं, मग शांत जागी नेऊन बोलायचं. वेल्डरला त्याच्या माणसांसमोर झापलं की पुढच्या वेळी तो ठिणगीचं काम लपवून करतो. चारचौघांत फक्त ‘थांबा’, बाकीचं बाजूला. नकार देताना हसणं आणि ‘तुमचं बरोबर आहे, पण’ म्हणणं या दोन सवयी मोडायला वेळ लागतो.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाना कायद्यात कलम 41-एच आलं. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यातला कामगार जिवाला लगेचचा धोका दिसल्यास तो व्यवस्थापनाच्या आणि त्याच वेळी कारखाना निरीक्षकाच्या नजरेस आणू शकतो, असं ते सांगत होतं; नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. पण कायद्याचा उल्लेख सर्वांत शेवटी करा, हा तुमचा सल्ला आम्हाला पटला. सुरुवातीलाच काढला की बोलणं धमकी होऊन बसतं.

ओडिशा-झारखंडहून आलेला हेल्पर ‘रुको’ म्हणाला तर आधी थांबायचं, तपासायचं, आणि शंका चुकीची निघाली तरी सगळ्यांसमोर त्याचे आभार मानायचे, हे तुम्ही आवर्जून सांगितलंत. त्याबद्दल आम्ही विशेष ऋणी आहोत, कारण टाकीच्या तोंडाशी उभा असतो तो हेल्पर.

एक विनंती. पुढचं सत्र एप्रिलमध्ये, छपराची कामं सुरू होण्याआधी घ्यावं, आणि त्यात ठेकेदारांच्या सुपरवायझरांना बसवावं. सराव हिंदीतही व्हावा. जागा आणि जेवणाची व्यवस्था आम्ही करू.

आपले,
वेर्णा, कुंडई आणि पिळर्ण औद्योगिक वसाहतींतले काही सुरक्षा अधिकारी